इन्टू द ब्रीच : एकशे साठ तास खेळल्यानंतर

हा कॉम्प्युटर गेम जानेवारीत सेलमध्ये घेतला होता, आता ऑक्टोबर लागला, तास दाखवतोय एकशे साठ, म्हणून म्हटलं आता लिहूया. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर साफ चुकीचं लिहिलं असतं, कारण तेव्हा मला वाटलेलं की छोटासा गेम आहे, जमिनीतून राक्षसी किडे येतात, आपले तीन रोबोट आहेत, ठोकायचे आणि पुढे जायचं. तसं खेळून सलग अकरा वेळा हरलो.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, हा सबसेट गेम्सचा गेम, जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी २०१२ ला एफटीएल नावाचा गेम काढला होता त्यांचाच, २०१८ च्या फेब्रुवारीत आला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट स्ट्रॅटेजी गेम ठरला. पट आठ बाय आठचा, म्हणजे चौसष्ट घरं, बुद्धिबळाएवढाच. आपले तीन मेक, म्हणजे ते रोबोट, समोर वेक नावाचे किडे, आणि पटावर मधे मधे बिल्डिंगा ज्यात माणसं राहतात. एका लढाईत जेमतेम चार-पाच टर्न मिळतात, तेवढं टिकलात की जिंकलात.

आता यातली खरी गोष्ट. यात शत्रू आधी हलतो, कुठल्या घरावर मारणार ते सगळं पटावर दाखवतो, आणि मग थांबतो. मग तुमची टर्न. तुमचं झालं की ते जे दाखवलं होतं तेच करणार. बाकीच्या असल्या गेममध्ये नेम पंचाण्णव टक्के दाखवतो आणि तरी चुकतो, मग आपण नशिबाला शिव्या घालतो, इथे तुमचा नेम कधीच चुकत नाही. दोन डॅमेज म्हणजे दोनच. बिल्डिंग कधीकधी नशिबाने हल्ला झेलून वाचते, त्याचे टक्के कोपऱ्यात लिहिलेले असतात, पण त्यावर विसंबून कुणी खेळत नाही. त्यामुळे हरलं की सगळं डोळ्यासमोर असूनही आपल्याला दिसलं नाही एवढंच उरतं, आणि ते फार लागतं. आजोबा सांगलीचे, बुद्धिबळाचंच गाव ते, त्यांनी मला लहानपणी पटावर बसवलं तेव्हा एकच सांगायचे, प्याद्याला हात लावायच्या आधी समोरचा काय करणार ते बघ. इथे समोरचा स्वतःहून दाखवतोय आणि तरीही माझ्याच्याने बघणं होत नव्हतं!

कारण मी मारायच्या मागे होतो. गेमला मारण्याशी फारसं देणंघेणं नाहीये, तुमचं आयुष्य म्हणजे पॉवर ग्रिड, वीजपुरवठाच म्हणा, आणि तो बिल्डिंगांवर चालतो. बिल्डिंगला एक डॅमेज झाला की ग्रिड एकाने कमी, शून्य झाला की सगळं संपलं, त्या टाइमलाइनमधली, म्हणजे त्या खेपेच्या जगातली, सगळी माणसं गेली. आणि मेकचं काय, तर लढाई संपली की त्यांचं आयुष्य आपोआप पूर्ण भरतं, फुकट. हे मला माहीत होतं, पहिल्या दिवशीच वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कळायला दोन महिने गेले. अर्थ असा की मार मेकने खायचा. कीडा बिल्डिंगवर गोळी मारतोय आणि तुमच्याकडे दुसरा उपाय नाही, मग मधल्या घरात मेक उभा करा, तीनपैकी एक आयुष्य जाईल, जाऊ दे. मी मेक जपत बसायचो आणि लोक मरायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे ढकलणं. जवळजवळ प्रत्येक हत्याराने शत्रू एक घर सरकतो, आणि कीडा सरकला की त्याचा हल्लाही त्याच दिशेने त्याच्यासोबत सरकतो. यावर अख्खा गेम उभा आहे.

एक टर्न सांगतो, एप्रिलमधली, ती झाली आणि मला हा गेम समजला असं मी धरतो. गेममध्ये चार बेटं वाचवायची असतात, त्यातलं पहिलंच बेट, आर्काइव्ह, टीम, म्हणजे तीन मेकचा संच, सुरुवातीचीच रिफ्ट वॉकर्स. ग्रिड एक. म्हणजे कुठल्याही एका बिल्डिंगला एक धक्का लागला की खेळ संपला. समोर तीन किडे, गेममध्ये फायरफ्लाय, हॉर्नेट, स्कॉर्पियन, मी घरी काजवा, गांधीलमाशी आणि विंचूच म्हणतो. काजवा उजवीकडून आडव्या रांगेत सरळ गोळी मारणार, रांगेच्या डाव्या टोकाला बिल्डिंग. गांधीलमाशी त्याच्या वरच्या रांगेत, तिच्या डावीकडे चिकटून दुसरी बिल्डिंग, तिला डंख मारणार. विंचू तिसऱ्या बिल्डिंगपाशी, पण पाठीमागे पाणी. आणि एका घरात जमीन हलतेय, म्हणजे चौथा बाहेर येणार. चार संकटं, माझ्याकडे तीन मेक. विंचवाचं लगेच दिसलं, तोफवाल्या मेकने ढकलला पाण्यात, न उडणारा वेक पाण्यात पडला की गेला. राहिले दोन मेक आणि तीन कामं. काजव्याला मुक्का मारावा तर गांधीलमाशी राहते, तिला मारावं तर काजवा राहतो, आणि खालून येणारा वेगळाच. पंधरा-वीस मिनिटं नुसता बघत बसलो, चहा गार झाला. मग दिसलं की गांधीलमाशीच्या वरचं घर रिकामं आहे. माझ्या आर्टिलरीवाल्या मेकचा गोळा ज्या घरावर पडतो त्याच्या चारही बाजूंची घरं बाहेर ढकलली जातात, म्हणजे रिकाम्या घरावर गोळा टाकला तर गांधीलमाशी एक घर खाली सरकते, बरोब्बर काजव्याच्या रांगेत! टाकला. आता तिचा डंख रिकाम्या घरावर, आणि काजव्याची गोळी बिल्डिंगपर्यंत न पोचता तिच्याच अंगावर. एका गोळ्यात दोन्ही बिल्डिंगा वाचल्या आणि तिसरा मेक मोकळा, तो नेऊन हलणाऱ्या जमिनीवर उभा केला, एक डॅमेज खाल्ला, खालचा कीडा खालीच राहिला. टर्न संपवली आणि सगळं तसंच घडलं, एकेक करून. रात्रीचे साडेबारा वाजलेले, घरात सगळे झोपलेले, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

ही मजा दुसऱ्या कुठल्या गेमने मला दिलेली नाही. नुसता बळाचा खेळ असता तर एप्रिलमध्येच मी बाहेर होतो.

पायलटबद्दलही सांगायला पाहिजे. हरलात किंवा जिंकलात तरी जिवंत पायलटांपैकी एकाला पुढच्या टाइमलाइनमध्ये पाठवता येतं, त्याचा अनुभव घेऊन. माझा राल्फ कार्लसन, सुरुवातीला मिळतो तोच, सहा टाइमलाइन माझ्यासोबत होता. तिसऱ्या बेटावर त्याच्या मेकचं एक आयुष्य उरलं असताना मी ऑर्डर नीट न बघता टर्न संपवली. किडे कुठल्या क्रमाने हल्ला करणार तेसुद्धा गेम दाखवतो, फक्त बघायला पाहिजे, मी बघितलं नाही. मेक पडला आणि राल्फ गेला. मेक पुढच्या लढाईत परत येतो पण बिनपायलटचा, रिकामी सीट. त्या दिवशी पुढे खेळलो नाही.

टीमा बदलल्या की जणू गेमच बदलतो. रस्टिंग हल्क्सकडे धूर आहे, धुरातला कीडा हल्लाच करू शकत नाही. फ्रोझन टायटन्स माझी सगळ्यात लाडकी, त्यातला आइस मेक समोरच्याला गोठवतो पण स्वतःही गोठतो, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की कीडा गोठवायचीच गरज नाही, बिल्डिंगच गोठवा, बर्फ फुटतो पण बिल्डिंगला काही होत नाही. २०२२ च्या जुलैत अ‍ॅडव्हान्स्ड एडिशन आली, ज्यांच्याकडे गेम होता त्यांना फुकट, त्यात पाच नव्या टीमा आणि चाळीसच्या आसपास नवी हत्यारं, शिवाय अनफेअर नावाची आणखी अवघड लेव्हल. तेव्हाच नेटफ्लिक्सतर्फे मोबाइलवरही आला. मी मोबाइलवर खेळलेलो नाही, माझा जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्ड नाही, त्यावर मस्त चालतो.

खटकलेल्या गोष्टी आहेत. गोष्ट फार पातळ आहे, किडे का आले वगैरे शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. शेवटची ज्वालामुखीवाली लढाई आठ-दहा वेळा झाल्यावर पाठ होते, तिथे नवीन काही मिळत नाही. दुकानात हत्यारं कुठली येतील ते नशिबावर, आणि कधीकधी दोन बेटं संपतात तरी आपल्या टीमला उपयोगी एकही हत्यार येत नाही, मग ती टाइमलाइन रखडत ओढावी लागते. मराठी अर्थातच नाही, पण वाचायला फार नसतं, हत्यारांची वर्णनं दोन ओळींची.

नवीन घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की ईझीवर सुरू करायला लाजू नका, आणि सुरुवातीला दोनच बेटं वाचवून शेवटच्या लढाईला जा, गेम तशी परवानगी देतो, चारही बेटांचा हट्ट नंतर धरा. लढाईत एकदाच अख्खी टर्न मागे घेता येते, ते बटण पहिल्या टर्नला उडवू नका. मूव्ह मात्र हल्ला करायच्या आधी कितीही वेळा मागे घेता येते, ती बिनधास्त वापरा, मेक इकडे तिकडे ठेवून बघा, गोळी कुठे पोचते ते दिसतं.

सध्या हार्डवर आहे, फ्रोझन टायटन्स घेऊन, तिसरं बेट सुरू, ग्रिड चार. काल रात्री एक टर्न अर्धवट सोडून उठलोय, पाच किडे आहेत आणि मला अजून चारांचंच उत्तर सापडलंय.