नाना पेठेतून बसवलेले एलईडी हेडलाइट बल्ब : चार महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या आधी माझ्या अकरा वर्षे जुन्या हॅचबॅकला पुण्याच्या नाना पेठेतील एका दुकानातून एलईडी बल्बची जोडी बसवून घेतली. बसवण्यासह २,८०० रुपये पडले. दुकानाचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तोच माल वेगवेगळ्या खोक्यांतून सगळीकडे मिळतो.

उजेड लख्ख पडतो, यात वाद नाही. गाडीपुढचे पहिले दहा-बारा मीटर दिवसासारखे दिसतात आणि सुरुवातीला मी त्यावर खूशही होतो. मात्र एका रात्री सासवडहून परतताना दिवे घाटात समोरची जवळजवळ प्रत्येक गाडी मला डिपर मारू लागली. मी लो बीमवरच होतो, तरी दोनदा दांडी मागेपुढे करून खात्री केली. शेवटी एका एसटीच्या चालकाने वैतागून आपला हाय बीम माझ्यावर रोखला, तेव्हा क्षणभर कठडासुद्धा दिसेनासा झाला आणि इतका वेळ आपण इतरांच्या डोळ्यांवर काय मारत होतो, ते कळले.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर एका दिव्यात जुना हॅलोजन परत घालून सोसायटीच्या भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली. हॅलोजनचा प्रकाश दिव्याच्या उंचीच्या थोडा खाली सरळ रेषेत कापला जात होता आणि फक्त डावीकडे, रस्त्याच्या कडेच्या बाजूला, वर चढत होता. एलईडीला अशी रेषाच नव्हती; त्याचा प्रकाश पार वरच्या विजेच्या मीटरपर्यंत सांडला होता. एच-४ हॅलोजनमध्ये, म्हणजे लो आणि हाय बीमच्या दोन्ही तारा एकाच बल्बमध्ये असलेल्या प्रकारात, लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, त्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटोळ्या आरशाच्या, वरच्या अर्ध्या भागावरच पडून खाली रस्त्याकडे वळतो. एलईडीत त्या वाटीची नक्कल आहे, पण प्रकाश देणाऱ्या चिपचा आकार आणि जागा तारेशी तंतोतंत जुळत नाही, आणि ज्या परावर्तकाचे सगळे गणित त्या तारेवर बेतलेले आहे, त्याला तेवढा फरकही सोसत नाही. खोक्यावरचे ल्युमेनचे, म्हणजे एकूण प्रकाशाचे, आकडे याबद्दल काहीच सांगत नाहीत.

बसवणीबद्दलही नाराजी आहे. बल्बमागचा पंखा आत मावेना, म्हणून कारागिराने मला न विचारता दिव्याला मागून पाणी-धुळीपासून बंद ठेवणारी रबरी टोपी कापली. नंतरच्या अवकाळी पावसात काचेच्या आतून दव धरले.

आता पुन्हा ६०/५५ वॉटचे हॅलोजन आणि नवी रबरी टोपी घातली आहे, आणि धनकवडीतल्या एका गॅरेजमधून दिव्यांची उंचीही लावून घेतली. तिथल्या मेकॅनिकने स्टीअरिंगजवळची ० ते ३ आकड्यांची चकती दाखवली. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर होते, तेव्हा ती फिरवून दिवे खाली करायचे असतात. अकरा वर्षांत मी तिला हातही लावला नव्हता.

बल्ब दुकानदाराने परत घेतले नाहीत. गिऱ्हाइके याहून तीव्र मागतात, एवढेच तो म्हणाला.