हलक्या केलेल्या स्विफ्टला कोणत्या स्प्रिंगा? ८/६ सोडून ४.५/३.५ वर नऊ महिने

गाडी पहिल्या पिढीची १.३ पेट्रोल स्विफ्ट. मागची सीट, स्टेपनी, कार्पेट, पत्र्यावरची डांबरी शीट आणि एसी काढल्यावर कंपनीच्या स्प्रिंगांवर ती मागून दोन सेंटिमीटर वर आली आणि वळणात बोटीसारखी झुकू लागली. तेव्हा एका मित्राच्या ट्रॅकवरच्या गाडीत पुढे ८ आणि मागे ६ किलोच्या स्प्रिंगा होत्या (८ किलो म्हणजे स्प्रिंग १ मिमी दाबायला ८ किलो भार). मीही त्याच घेतल्या. त्याची गाडी माझीपेक्षा दीडशे किलोनं जड होती आणि फक्त ट्रॅकवर, मऊ टायरवर धावायची, याचा विचार केला नाही.

पाच महिने त्या वापरल्या. गुळगुळीत रस्त्यावर पहिल्या दिवशी वाटतं, वा, गाडी कशी खिळल्यासारखी बसलीय! पण ताम्हिणीत वळणात रस्ता जरा उखडलेला असला की मागची चाकं फूटभर बाहेर सरकायची. कोईम्बतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक गेलं की पुढचा टायर हवेत आणि मला ॲक्सिलेटर सोडावा लागे. टायर जमिनीला टेकलेलाच नसेल तर स्प्रिंग कितीही कडक असून काय उपयोग?

मग बाजारातले आकडे बाजूला ठेवले आणि गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर नेली. मी आत बसलेलो, टाकी अर्धी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर: ६०० किलो. मग फक्त मागची: ३६०. म्हणजे पुढच्या एका कोपऱ्यावर ३००, मागच्या एका कोपऱ्यावर जेमतेम १८०. यातून चाक, ब्रेक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांचं वजन वजा करायचं, कारण ते स्प्रिंगच्या खाली असतं. माझ्या हिशेबात पुढे २६८ आणि मागे १५५ उरले. गाडी हलकी केली की वजन मुख्यतः मागून जातं. म्हणून मागच्या स्प्रिंगचा निर्णय पुढच्यापेक्षा नाजूक असतो, आणि बहुतेक जण नेमका तोच घाईत घेतात.

दुसरं माप म्हणजे चाक ५० मिमी उचललं तर स्प्रिंग किती दबते. स्प्रिंग काढून, जॅक लावून मोजलं. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आहे, तिथे ४७.५ मिमी, मागे ४५. हे गुणोत्तर, ०.९५ आणि ०.९, हिशेबात वर्ग करून घ्यायचं. मग भार आणि कडकपणा यांवरून गाडीचं अंग सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते निघतं. घरच्या गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या असतात. माझ्या ८/६ चं उत्तर आलं २.६ आणि २.८. विंगचा (हवेच्या जोरानं गाडी खाली दाबणाऱ्या पंखाचा) दाब नसलेल्या, रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला हे फार होतं. मी २ च्या आसपास ठरवलं आणि मागचा आकडा मुद्दाम थोडा वर ठेवला. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचं नंतर हलतं. मागचं जरा लवकर डोललं तर दोन्ही टोकं लवकर एका तालावर येतात. सस्पेन्शनवर काम करणारा इंजिनिअर मॉरिस ऑली यानं १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे तपासलं होतं. ४.५/३.५ चं गणित १.९४ आणि २.१३ वर बसलं.

उंची फक्त २० मिमी खाली घेतली. माझ्यासारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) आडवा होऊन मग चाकाकडे वर झुकला की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या अंगापेक्षा जास्त वेगानं खाली जातं. मग गाडी उलट जास्त कलते आणि लोक पुन्हा कडक स्प्रिंग शोधत बसतात.

आता नऊ महिने, सात हजार किलोमीटर आणि करीला चार खेपा झाल्यात. त्याच टायरवर लॅप सव्वा सेकंदानं कमी झाला, पण माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कर्बवर आता पाय उचलावा लागत नाही. जुलैच्या पावसात ताम्हिणीतून उतरताना गाडी काय करतेय हे स्टिअरिंगमधून कळत होतं. बायको पहिल्यांदाच लोणावळ्यापर्यंत शेजारी बसून आली आणि तिची पाठ दुखली नाही.

शॉकअप मात्र यासोबत जुळवावेच लागतात. ८ च्या स्प्रिंगला कंपनीचा शॉकअप आवरत नव्हता, गाडी दोनदा डोलायची. आताच्या ॲडजस्टेबल शॉकअपवर मी रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा अटकाव) मधल्या टप्प्यावर ठेवलाय. आणखी एक: ८ ची स्प्रिंग गाडीच्या वजनानं फक्त ३५ मिमी दबत होती, त्यामुळे चाक लटकलं की ती सैल होऊन खडखडायची. आता ६३ मिमी दबते आणि वर पातळ हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग सैल होऊ न देणारी छोटी स्प्रिंग) आहे, खडखड पूर्ण बंद.

तक्रारी दोन. मागची डावी स्प्रिंग ४ मिमी बसली आणि पावडर कोटिंग सहाव्या महिन्यात उडून तिथे गंज धरू लागलाय; पावसाळ्याआधी ग्रीस लावायला हवं होतं. शिवाय दोन माणसं आणि सामान घेतलं की मागचा भाग बंप स्टॉपवर (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर टेकणाऱ्या रबरावर) जातो. त्यामुळे कुणी मागची सीट परत बसवणार असेल तर पुन्हा काट्यावर जाऊन ३.५ चा हिशेब नव्यानं करावा.

करीच्या लांब वळणात पुढचं टोक अजून थोडं बाहेर पळतं. मागचं टोक आणखी कडक केलं तर ते कमी होईल; मागे ४ ची जोडी लावली तर २.२८ हर्ट्झ होतील. ती आणून ठेवलीय, पावसाळा संपला की चढवतो.