क्यू आला आणि यू नाही: डिक्शनरी बरी की वर्ड फाइंडर?

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, मग आमच्याकडे पंख्याखाली स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ, आणि भांडण दरवर्षी एकच, शब्द शोधायला जाडजूड डिक्शनरी घ्यायची की मोबाईलवरचं वर्ड फाइंडर.

डिक्शनरीची अडचण सरळ आहे, ती पहिल्या अक्षराने लावलेली असते. क्यूने सुरू होणारे शब्द दोन मिनिटात सापडतात पण क्यू मधे असलेला शब्द हवा असेल तर कुठलं पान उघडणार? फाइंडरमधे हातातली सात अक्षरं टाका, कोऱ्या टाइलसाठी (ती कुठलंही अक्षर म्हणून चालते) प्रश्नचिन्ह द्या, झालं. मला त्यात फकीर सापडला! एफ-ए-क्यू-आय-आर, आपलाच शब्द, एरवी इंग्रजीत क्यूनंतर बहुतेक वेळा यू येतोच पण इथे यू लागत नाही आणि पटावरचे बोनस चौकोन सोडून १७ पॉइंट. १०० टाइल्समधे यू फक्त ४ असतात त्यामुळे असे शब्द म्हणजे सोनं आहे बघा.

पण फाइंडर अर्थ सांगेलच असं नाही, आणि शब्द लक्षात राहतो तो अर्थामुळेच. क्यूआय म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती हे डिक्शनरीत वाचलं तेव्हापासून तो दोन अक्षरी शब्द मी कधीच विसरले नाही.

माझं मत विचाराल तर डाव चालू असताना फाइंडर नकोच, ती सरळ चीटिंग आहे, समोरच्याने लावलेला शब्द खरा का खोटा एवढंच डिक्शनरीत बघा. डाव संपला, शेंगाचटणी-भाकरी झाली की मग फाइंडर उघडून आपले कुठले शब्द हुकले ते बघायचं, मी तर ते वहीत लिहून ठेवते.