शनिवारी कुठं बसायचं: परमिट रूम, पब की रस्सा मंडळ?

लग्न झालेल्या कोल्हापूरकराला शनिवारी संध्याकाळी 'काय प्यायचं' हा प्रश्न पडतच नाही. घरात काय सांगून निघायचं आणि परत आल्यावर काय ऐकायचं, एवढंच बघून जागा ठरवावी. सरकारलाही संसाराची कल्पना असावी. पुरुषाला लग्न २१ व्या वर्षी करता येतं, महाराष्ट्रात माइल्ड बिअरही २१ लाच मिळते, व्हिस्कीला मात्र २५ पूर्ण लागतात. म्हणजे पहिली चार वर्षं बिअरवर काढायची!

परमिट रूम सगळ्यात सोयीची. ऑफिसातून सुटलं की वाटेतच. अंधुक उजेड, बशीत खारे शेंगदाणे, काकडीवर पिळलेलं लिंबू, आणि न सांगता क्वार्टर आणून ठेवणारा वेटर. बिल मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही. बारमध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्क्यांवर गेला. पण खरा धोका वेगळाच. शेजारच्या टेबलावर हमखास मेव्हणा सापडतो. तो तुम्हाला बघून दचकतो, तुम्ही त्याला, आणि दोघांचंही बिल तुम्हीच भरता.

पबचं थोडक्यात सांगतो. गाणी एवढी मोठ्यानं की बायकोचा फोन वाजलेला कळत नाही, आणि नंतर तेच कारण चालत नाही. एका कॉकटेलच्या पैशात रस्सा मंडळाची आख्खी वर्गणी भरून होते.

रस्सा मंडळाला मात्र तोड नाही. मित्राचं शेत, विहिरीजवळ तीन दगडांची चूल, बाटली वाईन शॉपमधून छापील किमतीला. एकजण मटणाला राखण बसतो, बाकीचे सल्ले देतात. कांदा-लसूण चटणी किती घालायची यावर दर वेळी भांडण, आणि तांबड्याला कट येईपर्यंत निम्मे गडी गार. तोटा एकच, जेवायला अकरा वाजतात. पण निघताना पांढऱ्या रश्श्याचा डबा भरून घ्यायचा. दारात "कुठं हुतासा इतक्या रात्री?" एवढं होतंच, पण डबा दिसला की पुढचा प्रश्न "मीठ कुणी टाकलंय?" हा असतो. बडीशेप खाऊन आलेल्या माणसाला ही सवलत नाही.

माझं मत अर्थातच मंडळाला. फक्त गाडीचं बघा. पिऊन चालवताना पहिल्यांदा सापडला तरी दहा हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही रक्कम घरात कुठल्या खात्यावर दाखवणार?

इथं पबला एक मार्क द्यावा लागतो, तिथं बायकोला घेऊन जाता येतं. तिच्याकडं लायसन्स असेल तर परतीचा प्रश्न मिटला. पुढच्या शनिवारी मात्र पिण्याची पाळी तिची, गाडी तुमच्याकडं.