एक फोल्डर, दोन कॉम्प्युटर: विंडोज शेअरिंग घ्यावं की सिंकथिंग?

मे महिन्यात लग्नपत्रिका, गणपतीआधी बॅनर. गुहागर-चिपळूणकडच्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात जा, दोन कॉम्प्युटर आणि त्यांच्यामध्ये पेनड्राइव्ह घेऊन धावणारा एक पोरगा दिसेल. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन २' यातली छापायची कुठली, ते त्यालाच ठाऊक. आणि तो नेमका जेवायला गेलेला असतो. ही धावपळ थांबवायला दोन मार्ग आहेत: विंडोजचं फोल्डर शेअरिंग, किंवा दोन कॉम्प्युटरवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवणारं सिंकथिंग हे सॉफ्टवेअर.

विंडोजचं फोल्डर शेअरिंग आधीपासूनच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. फाइल एकाच मशीनवर राहते, दुसरा तिथूनच उघडतो. ऑर्डरचं एक्सेल एकाने उघडलेलं असेल तर दुसऱ्याला ते फक्त वाचता येतं, त्यामुळे एकाचे आकडे दुसरा पुसत नाही. पण ज्या मशीनवर फोल्डर आहे ते बंद पडलं की दोघंही बसून राहतात. जूनमध्ये वीज दिवसातून चारदा जाते, यूपीएस कुठवर पुरणार? जुना विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर जोडायचा म्हणून कोणी 'एसएमबी १ (शेअरिंगची जुनी पद्धत) चालू कर' म्हणालं, तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तो त्यातल्याच एका त्रुटीवरून.

सिंकथिंगही फुकट आहे. यात दोन्हीकडे अख्खी प्रत राहते. एक मशीन झोपलं तरी दुसऱ्यावर काम चालू, आणि ते उठलं की बदल आपोआप जुळतात. इंटरनेट गेलं तरी राउटर चालू असेल तर काही अडत नाही. खोट अशी, की दोघांनी एकाच वेळी तीच फाइल बदलली तर तो नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' लिहिलेली वेगळी प्रत काढून ठेवतो. म्हणजे 'फायनल नवीन ३'! शिवाय इकडे खोडलेली फाइल तिकडेही खोडली जाते. व्हर्जनिंग, म्हणजे बदललेल्या-खोडलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती जपून ठेवणं, मुळात बंद असतं, ते पहिल्याच दिवशी दोन्ही मशीनवर चालू करा.

वेगाचा दोष मात्र सॉफ्टवेअरला देऊ नका. राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर लग्नाचा ४ जीबी व्हिडिओ जायला सहा मिनिटं लागणारच. गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टवर तेच काम मिनिटभराचं, डिस्क तेवढी वेगवान असेल तर.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधले फोटो घ्यायला यातलं काहीच नको, मोबाइलवरून कॉम्प्युटरवर वायफायने फाइल पाठवणारं लोकलसेंड ॲप टाका.

माझं विचाराल तर हिशेबाच्या आणि ऑर्डरच्या फाइली विंडोज शेअरवर, फोटो आणि डिझाइन सिंकथिंगवर. दुकानात एकच माणूस डिझाइन करत असेल तर नुसतं सिंकथिंग पुरे. दोन्ही मशीन एकाच टेबलाखाली असतील तर त्यांना बॅकअप म्हणू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा टेबलाखालचं सगळं एकदमच बुडालं. तिसरी डिस्क घरी, माळ्यावर ठेवा.