मीठ १.०२५ दाखवत होतं आणि तरी मी १,२२,८०० रुपयांना फसले

आधी आकडा सांगते, म्हणजे लपवायला काही उरणार नाही. एक लाख बावीस हजार आठशे, घरात रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातले समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची टाकी, बसवण्यात गेले. भिशीचे एक लाख वीस हजार मला मार्चमध्ये लागले होते, वरचे दोन हजार आठशे पगारातले. टाकी, स्टँड आणि सम्प (खालची गाळणीची टाकी) ४६,०००, लाइट, स्किमर (पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) मिळून ३१,५००, लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले समुद्री दगड) २२ किलो, ६५० रुपये किलोने १४,३००, मिठाची बादली ९,८००, क्लाउनफिशची जोडी ३,२०० आणि कोरलचा ॲडव्हान्स १८,०००. यातली टाकी खरी आहे आणि लाइट चालतोय. बाकी सगळं खोटं निघालं.

मी काही एका रात्रीत भाळून पैसे टाकले नाहीत. आठ महिने वाचत होते, व्हिडिओ बघत होते, मुलाने सातवीच्या वहीत मागच्या पानांवर टाकीची चित्रं काढून ठेवली होती. आधी क्रॉफर्ड मार्केटला दोन चकरा मारल्या, कुर्ल्यालाही जाऊन आले, पण तिथे सामान घेऊन नेरूळपर्यंत आणायचं आणि घरी कोण बसवून देणार हा प्रश्न होता. मग हा विक्रेता एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला, घोडबंदर रोडला गाळा होता, गाळ्यात चालू असलेली सुंदर रीफ टाकी होती, ती मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. कॅल्शियम, अल्कलिनिटी, नायट्रेट सगळं फाडफाड बोलायचा. मिस्टर म्हणाले होते की बिल आधी घे. मी म्हटलं देतो म्हणालाय. आलं काय तर व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो, वर "एस्टिमेट" लिहिलेलं, खाली ना सही ना जीएसटी नंबर. जो माणूस लाखाच्या सामानाचं पक्कं बिल देत नाही त्याच्याकडून स्पंजसुद्धा घेऊ नका.

आता ते मिठाचं. रोज रात्री हेच आठवतं आणि झोप उडते.

बादली आली तेव्हा झाकणाचं सील तुटलेलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, पावसाळी हवेत ओल धरते म्हणून आम्ही रीपॅक करतो." झाकण उघडलं, मी मूठभर हातात घेतलं. करडट, जाड, चौकोनी खडे, थोडे ओलसर, बोटांना चिकटणारे. अहो, हे मीठ माझ्या हाताला माहीत आहे! आई दर वर्षी कैरीच्या लोणच्याला हेच खडेमीठ बरणीत घालते, मी लहानपणापासून ते चोळलंय. रीफचं मीठ पांढरं, भुरभुरीत असतं, हे मी पन्नास व्हिडिओंत बघितलं होतं. हाताला कळलं होतं, तोंडातून निघालं नाही. पाण्यात टाकल्यावर गढूळ झालं, ड्रमच्या तळाला मातीचा थर बसला, त्यावर हा म्हणतो कॅल्शियम जास्त असलं की असंच दिसतं. आणि मग त्याने खिशातून रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा बघायचं यंत्र) काढून माझ्याच हातात दिला, "तुम्ही लॅबवाल्या, तुम्हीच बघा."

मी वाशीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं टेक्निशियन आहे. युरिनची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) बघायला हेच यंत्र वापरते. त्याने मला माझ्याच कामाने गप्प केलं. बघितलं तर १.०२५, समुद्राच्या पाण्याइतकं, अगदी पाहिजे तेवढं. मी मान हलवली. रिफ्रॅक्टोमीटर फक्त खारटपणा सांगतो, आत कोणतं मीठ आहे ते सांगत नाही, हे मला माहीत असायलाच हवं होतं, दुसऱ्या कोणाला नसलं तरी चालेल, मला हवं होतं.

मी मुलुंडची, भांडुप-मुलुंडची मिठागरं बघत वाढले. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम आधीच खाली बसतं, मॅग्नेशियम शेवटच्या पाण्याबरोबर निघून जातं, मधे उरतं ते आपलं खायचं मीठ. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४०० ते ४२० पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग) आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असतं आणि कोरलचा सांगाडा त्यातूनच बनतो. मी नंतर २,४०० रुपयांचं कॅल्शियम टेस्ट किट आणलं (हे वरच्या हिशोबात धरलेलं नाही). पाणी गुलाबी होतं आणि थेंब टाकत जायचं, निळं झालं की आकडा वाचायचा. माझं दुसऱ्या थेंबालाच निळं झालं. चाळीसच्या आत. दोनशे लिटरच्या सेटअपला साडेसात किलो मीठ लागतं, किराणा दुकानात ते कितीला पडतं ते तुम्हीच बघा. म्हणून सांगते, बादली सीलबंद असेल तरच पैसे द्या, आणि पहिलं पाणी बनवलं की मासे तर दूरच, दगडही टाकायच्या आधी कॅल्शियम आणि केएच (म्हणजेच अल्कलिनिटी) मोजा.

दगडाचं लवकर उरकते. जांभळी झाक कोरलाइन अल्जीची (दगडावर वाढणाऱ्या समुद्री शेवाळाची) म्हणाला होता, नखाने खरवडली तर पांढऱ्या नॅपकिनवर जांभळा रंग उतरला. साधे दगड, वर स्प्रे. आणि सायकलला, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टाकीत वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात हे मला पाठ होतं, पण त्याने एक बाटली ओतली आणि म्हणाला बॅक्टेरिया रेडीमेड आहेत, चौथ्या दिवशी मासे सोडा. आरओडीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्याचं विचारलं तर म्हणे मोरबे धरणाचं पाणी गोड आहे, नळाचं चालतं. चौथ्या दिवशी मासे आले. मुलगा शाळेतून येऊन दप्तर न काढता टाकीसमोर बसायचा. नवव्या दिवशी सकाळी लहान मासा वेव्हमेकरच्या कोपऱ्यात कलला होता, कल्ले भराभर हलत होते, मी अमोनिया बघितला तर २ पीपीएम. दुपारी तो गेला, रात्री दुसरा. मुलगा काही बोलला नाही, टाकीचा लाइट बंद करून आत गेला.

कोरल आलंच नाही. मी पैसे परत मागितले तेव्हा त्याचा सूर बदलला. म्हणाला, "चॅटमध्ये हॅमर कोरल तुम्हीच मागितलंय, पोलिसांत गेलात तर आधी तुम्हाला विचारतील." मी त्या रात्री शोधलं, आणि खरंच हॅमर कोरलसारखे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहेत. मला हे आठ महिन्यांत कोणत्याही व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. त्याला मात्र पूर्ण माहीत होतं, त्याचा धंदाच या भीतीवर चालतो. कोरलचे कागद आधी मागा, नसतील तर उठून चालते व्हा.

तरी गेले मी पोलिसांकडे. घराजवळ म्हणाले दुकान ठाण्याचं आहे, तिकडे जा. अर्धा दिवस रजा टाकून तिकडे गेले, तर पैसे तुमच्या घरून गेलेत, तिकडेच द्या. एकाने तर विचारलं, "मासे मेले त्याची तक्रार लिहू का ताई?" आणि शेजारचा हसला. मी मासे मेल्याची तक्रार घेऊन गेले नव्हते, खोटा माल विकल्याची घेऊन गेले होते. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, कुठल्याही पोलीस ठाण्यात घेता येते, नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये लिहिलंय, मी प्रिंट नेली होती, ती बघितलीसुद्धा नाही, टेबलावरून माझ्याकडे सरकवली. दिवाणी मामला आहे, वकील बघा. बँकेत गेले तर यूपीआय पिन तुम्हीच टाकलाय. हो, मीच टाकलाय, फसवणाऱ्याला माणूस स्वतःच्या हातानेच पैसे देतो, मग काय दरोडा पडायला हवा होता का? चार दिवसांची रजा गेली, एक पोचपावती मिळाली नाही. पैसे गेले की कोणाची वाट न बघता त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, मी अकराव्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं झालं असणार. आता ग्राहक आयोगात टाकतेय, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. पण पक्कं बिल नाही म्हणून चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि ते एस्टिमेट एवढंच माझ्याकडे आहे. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, समोरचा स्वतःचे मेसेज डिलीट करतो, माझ्या चॅटमधले त्याचे सतरा मेसेज त्याने उडवले.

परवा त्याचा नवा नंबर, नव्या नावाने दुसऱ्या ग्रुपवर दिसला. जाहिरातीत "क्लायंट सेटअप, नेरूळ" म्हणून फोटो टाकलाय. जांभळे दगड, दोन क्लाउनफिश, आणि स्टँडच्या डाव्या पायाशी निळं दप्तर पडलंय. ती टाकी माझी आहे, दप्तर माझ्या मुलाचं आहे. तो फोटो तुम्हाला कोणी पाठवला तर पैसे टाकू नका, मला कळवा.