गच्चीवरची डिश की वायफायवरचा टीव्ही?

गावी आईकडे दूरदर्शनची फ्री डिश, पुण्यात माझ्याकडे ब्रॉडबँड आणि ओटीटी. दोन्ही रोज वापरात, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

खर्चात फ्री डिशचा हात कोणी धरणार नाही. २००४ पासून चालू असलेली ही सेवा; डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याला शून्य. माझं मात्र नेटचं बिल वेगळं आणि ॲपांची वर्गणी वेगळी. एका ॲपची वर्गणी बंद केली, तरी पुढच्या महिन्यात पैसे कापले गेलेच. कस्टमर केअरवर वीस मिनिटं संगीत ऐकलं, तेवढं फुकट मिळालं!

पावसात डिश रुसते. तिच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, आणि आषाढात ऐन सातच्या बातम्यांना पडद्यावर 'नो सिग्नल'. आई शांतपणे भाजी निवडायला घेते.

पण क्रिकेट? तिथे वायफाय हरतं. नेटवरचं चित्र तुकड्या-तुकड्यांनी साठवून दाखवतात, म्हणून काही सेकंद मागे असतं. शेजारचे काका डिशवाले. भिंतीपलीकडून "गेला!" ऐकू येतं तेव्हा आमचा बोलर अजून रनअपवर.

हवं ते हवं तेव्हा बघायला ओटीटीच, त्यात वाद नाही. फक्त निवडण्यातच जेवण उरकतं. आईचा रिमोट सह्याद्रीवरून हलत नाही. दिवाळीत तिला स्मार्ट टीव्ही देऊ का विचारलं, तर म्हणाली, "आधी गच्चीवरची छत्री सरळ करून दे."